बावीस का बत्तीस

हडपसरला खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का, अंडी खाता का, मित्र किती येतात, काहीच विचारलं नाही. पुण्यात असा घरमालक भेटला की माणसाने आधी मागे वळून दरवाजा उघडा आहे ना ते पाहून घ्यावं. ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकून ते बसले होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, वाटीभर तेल पिऊन बसल्यासारख्या पांढऱ्या मिशा, आणि सदऱ्यावरून आवळलेला खाकी पट्टा. पट्ट्याला उजव्या बाजूला चामड्याचं म्यान, फौजदाराच्या कमरेला असतं तसं. म्यानातून काहीतरी पितळी डोकावत होतं.

"गाव?" त्यांनी विचारलं.

"यवतमाळ."

मालक खुर्चीतून उठलेच. "म्हंजे वाघाच्या मुलखातलं. बसा, बसा. आता मला सांगा, बावीस का बत्तीस?"

मला वाटलं वय विचारताहेत. मी खरं ते सांगितलं, "सव्वीस."

"सव्वीस निघत न्हाय," मालक गंभीरपणे म्हणाले. "कंपनीच बनवत न्हाय."

मग कळलं की विषय रिव्हॉल्व्हरच्या नळीचा आहे. पॉइंट बावीस म्हणजे बारीक गोळीचं हलकं हत्यार, पॉइंट बत्तीस म्हणजे त्याहून जाड गोळीचं. शेतावर जाताना कमरेला लावायला यातलं कुठलं बरं, हा प्रश्न ते कित्येक वर्षं सोडवत होते. खोलीत पूर्वेची खिडकी होती, नळाला चोवीस तास पाणी होतं. अशा खोलीसाठी माणूस काय वाटेल ते बोलतो. मी म्हणालो, "बत्तीसच हो. आमच्याकडे सकाळी सातच्या एसटीला वाघ थांब्यावर येतो. कंडक्टर ओळखतो त्याला. पण बत्तीस कमरेला दिसलं की तो मागच्या दाराने चढतो."

मी थापा मारतो ही माझ्याबद्दलची अफवा आहे, आणि ती मीच पसरवलेली आहे. यवतमाळात मी आयुष्यात जनावर म्हणून पाहिलं ते शेजारच्यांचं मांजर, आणि तेही मला भ्यायचं नाही. पण मालकांनी मान डोलावली, किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि त्या दिवसापासून त्या तीन मजली इमारतीत माझं नाव 'यवतमाळ' पडलं. "ए यवतमाळ, खाली ये जरा," अशी हाक आली की समजायचं, रिव्हॉल्व्हरबद्दल काहीतरी नवीन सुचलंय.

परवाना त्यांच्याकडे होता. लाल पुस्तिका, फोटोसकट. हत्यार नव्हतं. परवाना मिळाल्यावर ठरावीक मुदतीत हत्यार विकत घ्यावं लागतं, आणि मालक दर वेळी अर्ज करून मुदत वाढवून घेत. कारण एकच, 'कॅलिबर निश्चित न झाल्याने'. कचेरीतल्या कारकुनाने म्हणे एकदा विचारलं होतं, "अहो, मुलीचं स्थळ बघताय का?" मालक म्हणाले होते, "स्थळ चुकलं तर मुलगी माघारी येती. कॅलिबर चुकलं तर मी येत न्हाय."

हत्यार नसलं तरी म्यान मात्र गाडीतळावरच्या चांभाराकडून करून घेतलेलं होतं, आणि ते रिकामं ठेवणं त्यांना पटत नसे. मालकांचं म्हणणं असं, की कमरेचं हत्यार दुकानात हातात घेऊन कळत नाही, ते दिवसभर वागवून कळतं. म्हणून प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या वजनाची एकेक घरगुती वस्तू त्यांनी शोधून काढली होती. बावीसच्या जागी एक दणकट बटाटा. बत्तीसच्या जागी खलबत्त्यातला पितळी बत्ता. मधे एक वर्ष त्यांच्या मनात तीनशे सत्तावन्नने घर केलं, म्हणजे परदेशी, थोराड हत्यार, तेव्हा किराणा दुकानातलं किलोचं माप म्यानात घालून ते वर्षभर हिंडले. त्या वर्षी त्यांचा लेंगा इतक्या वेळा घसरला की गाडीतळावरचे रिक्षावाले त्यांना बघून आधीच तोंड फिरवायचे. अडतीस मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. "ते सरकारी," ते आवाज खाली आणून म्हणत. "आपण तिकडं बघायचं न्हाय."

बटाट्याच्या दिवसांत मालकीणबाईंची फार सोय व्हायची. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अवो, रस्सा उकळायला लागला. तुमची पिस्तूल द्या चिरायला."

"पिस्तूल न्हवं, रिव्हॉल्व्हर," मालक बाहेरून दुरुस्ती करत आणि बटाटा देत.

एकदा ते बत्ता लावून बँकेत गेले. दारावरचा पहारेकरी पुढे झाला आणि म्हणाला, "काका, हत्यार बाहेर ठेवा." मालक भारावून गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कमरेला कुणी हत्यार म्हटलं होतं. त्यांनी अदबीने बत्ता काढून पहारेकऱ्याच्या हातात दिला. त्या माणसाने बत्ता वळवून वळवून पाहिला, वास घेतला. लसणाचा येत होता. मग त्याने स्वतःची दुनळी बंदूक खांद्यावर सरकवली आणि विचारलं, "खल कुठे आहे?" तिथून पुढे पाऊण तास दोघं बावीस-बत्तीसवर बोलत उभे होते आणि बँक, मी शपथेवर सांगतो, त्या पाऊण तासात रामभरोसे चालली होती.

विचारायला त्यांना माणसाचा मगदूर लागत नसे. दाताच्या डॉक्टरला तोंडात नळी असताना विचारलं. मेथीवाल्या बाईला विचारलं, ती म्हणाली बत्तीस, कारण तेवढेच दात असतात. एका दहाव्याला गुरुजींना विचारलं. गुरुजींनी पिंडाकडे बघत सांगितलं, "यजमान, आधी हे उरकू."

बाकी माणूस विचाराचा पक्का होता. शिकारीला बंदी आली तेव्हा मालक शाळेत होते, आणि वडलांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकण्यातच त्यांची सगळी शिकार झाली होती. कायदा मोडायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "डुकराला मारायचं तर मला वनखात्याची परवानगी लागती," ते म्हणत. "मला मारायचं तर डुकराला कुणाची लागती?" मोठी बंदूक का नको, यालाही उत्तर होतं. "खुरपायला वाकलं की बंदूक बांधावर आन डुक्कर आपल्यापाशी. कमरंचं हत्यार वाकलं तरी कमरंलाच." आणि सगळ्या संशोधनाचं सार त्यांनी एकदा जिन्यात उभं राहून सांगितलं. "बारकी गोळी लागली तर डुकराला राग येतो. मोठी चुकली तर त्याला आपली दया येती. आता तूच सांग, यवतमाळ, काय घ्यावं?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच्या मागे दोन एकर होते.

मालकांची जमीन एके काळी हडपसरपासून नजर पोचेल तिथपर्यंत होती, असं ते सांगत, आणि थापांच्या बाबतीत मी जाणकार असल्यामुळे सांगतो, की हे बरंचसं खरं असावं. माझं ऑफिस होतं त्या काचेच्या इमारतीखाली त्यांचा ऊस होता. "तू बसतोस तिथं पाटाचं पाणी फुटायचं," ते म्हणत. सगळं गेलं. उरले ते फुरसुंगीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याचे दोन एकर. तिथे मालक आणि मालकीणबाई दर पावसाळ्यात भुईमूग लावत, आणि दर वर्षी शेंगा भरल्या की डोंगरातून रानडुकरं उतरत आणि रात्रीत वावर नांगरून टाकत. सलग दोन वर्षं घरात शेंगेचं टरफलही आलं नव्हतं.

त्यांचा मुलगा सोलापूर रस्त्यावर टाइल्सचं दुकान चालवायचा. वाईट नव्हता. बापाला शेतावर एकटं जाताना बघून त्याचा जीव खालीवर व्हायचा, आणि बिल्डरचे कागद त्याच्या गाडीत तयार होते. त्या वर्षी जेवायच्या ताटावर तो म्हणाला, "आबा, तुम्ही डुकरांसाठी शेती करताय. यंदाचं पीक हाती आलं तर मी परत विषय काढणार नाही. गेलं तर सही करायची. बोला." मी तेव्हा समोरच बसलो होतो, मालकीणबाईंनी पिठलं वाढलं होतं. मालकांनी भाकरी मोडली, खाली ठेवली आणि म्हणाले, "केली."

नंतर जिन्यात मला म्हणाले, "हितं मी भाडं घेणारा म्हातारा हाय. मला मी कोण ते त्या दोन एकरात गेल्यावर कळतं. ते गेलं तर कुणाला इचारू?"

त्याच भाद्रपदात कचेरीतून पत्र आलं. यापुढे मुदतवाढ नाही. महिन्याच्या आत हत्यार घ्या, नाहीतर परवाना रद्द.

आता मालकांना यवतमाळचा अनुभव लागला. एका रविवारी चार वाजता मला स्कूटरवर मागे घेऊन ते शेतावर निघाले. म्हणजे स्कूटर मी चालवत होतो, मागे ते. गेल्या दोन वर्षांत ते स्वतः चालवत नसत. मी ते मालकीपणाचं लक्षण समजत होतो.

वावर हिरवंगार होतं. बांधावर बाभळ, मधे पत्र्याचे डबे टांगलेले, चारी बाजूंनी मालकीणबाईंच्या जुन्या साड्यांचं कुंपण. ऊन उतरायला लागलं होतं. मालक मला वाऱ्याची दिशा समजावून सांगत होते आणि मी "बरोबर, आमच्याकडेही असंच" म्हणत होतो, तेवढ्यात एक जांभळी नऊवारी फाटली आणि तिच्यातून डुक्कर आत आलं.

ते किती मोठं होतं? लोक म्हणतील हा वाढवून सांगतो. मी कमी करून सांगतो. सहा आसनी रिक्षाएवढं होतं. सुळे इतके लांब की आधी सुळे आले आणि मग बऱ्याच वेळाने डुक्कर. मी बाभळीवर कसा चढलो हे मला आजही सांगता येणार नाही, पण नंतर डॉक्टरांनी माझ्या अंगातून सत्तर काटे काढले आणि त्यातले दोन त्यांनी आठवण म्हणून ठेवून घेतले.

मालक जागचे हलले नाहीत. त्यांनी म्यानातून बत्ता काढला आणि डुकरावर रोखला. अंतर पंधरा पावलं. डुक्कर बत्त्याकडे बघत होतं. मालक डुकराकडे बघत होते. वरून मी बत्त्याकडे बघत होतो, आणि बत्ता थरथरत होता. मग मालक शांतपणे बोलले, "जा. अजून भरल्या न्हाईत शेंगा. पंधरा दिवसांनी ये." डुकराने क्षणभर विचार केला, एक फुत्कार टाकला आणि ते फाटल्या साडीतून परत गेलं.

मला उतरायला अर्धा तास लागला. उतरताना सगळा खरेपणा बाहेर पडला. म्हणालो, "मालक, मी वाघ पाहिलेला नाही. डुक्कर पण नाही. मला बावीस-बत्तीसमधलं काही कळत नाही."

"ठावं हाय," मालक बत्ता म्यानात घालत म्हणाले. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. "वाघ एसटीत चढतो म्हणालास तवाच कळलं."

"मग खोली का दिली?"

"तू ऐकत व्हतास. घरातलं कोण ऐकतंय? डोळं मिचकावत का हुईना, ऐकत व्हतास."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं कँपात हत्यारांच्या दुकानात गेलो. काउंटरमागचे गृहस्थ मालकांपेक्षाही म्हातारे आणि पेठेतल्या भाषेचे. "या," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली. दर दिवाळीला येता, काचेवर बोटं उमटवता आणि जाता. आज काय, पुसायला फडकं आणलंय का?"

"आज घ्यायचं," मालक म्हणाले.

दुकानदारांनी मखमलीवर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली. रिकामी. बावीसचं आटोपशीर, बत्तीसचं भरीव. गोळ्यांची चकरी उघडून दाखवली, आत काही नाही याची खात्री आमच्याकडून करून घेतली, मग म्हणाले, "त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरा. चाप ओढू नका. नुसतं धरा."

मालकांनी बत्तीस उचललं. नळी कॅलेंडरवर गेली आणि सोमवारपासून रविवारपर्यंत फिरायला लागली. त्यांनी ते खाली ठेवून बावीस घेतलं. हलकं होतं, त्यामुळे जास्तच हललं. दोन्ही हातांनी धरलं. डावा हात उजव्याला सावरायला गेला आणि त्याच्याबरोबर थरथरायला लागला.

दुकानदारांनी एवढ्या वेळात पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. दोन्ही हत्यारं उचलून त्यांनी फडक्याने पुसली. "विकायला माझी हरकत नाही," ते हळू म्हणाले. "कागद पुरे आहेत तुमचे. पण आपण या हाताने चालवलंत तर डुक्कर सोडून बाकी सगळ्यांना धोका आहे. केव्हापासून आहे हे?"

"परवाना आला त्याच वर्सापासून. आधी करंगळी हलायची. या दोन-तीन वर्सांत सगळाच हात."

मी म्हणालो, "मग मालक, अकरा वर्षं ठरवत काय होतात?"

मालकांनी हात सदऱ्याच्या खिशात घातला. "जवर ठरत न्हाय तवर हातात घ्यावं लागत न्हाय," ते म्हणाले. "हातात घ्यावं लागत न्हाय तवर कुणाला दिसत न्हाय. पोराला कळलं असतं तर त्यानं शेतावर जायचंच बंद केलं असतं."

दुकानदारांनी परवान्याच्या पुस्तिकेवर हात ठेवला आणि विचारलं, "परत करायचा अर्ज लिहून देऊ?" मालक हो म्हणाले. अर्ज दुकानदारांनीच लिहिला, सुरेख अक्षरात, आणि खाली सहीच्या जागी मालकांनी तीन वेळा प्रयत्न केला.

शेंगा निघायला तीन आठवडे होते. त्या संध्याकाळी मालक ओट्यावर पट्ट्याशिवाय बसले होते आणि इमारतीत कुणी मेल्यासारखं वाटत होतं. काहीतरी करायला हवं होतं, आणि माझ्याकडे एकच भांडवल होतं. आमच्या इमारतीत आम्ही नऊ जण अमेरिकेच्या वेळेवर काम करणारे होतो. संध्याकाळी सातला आमचा दिवस उगवायचा आणि पहाटेपर्यंत आम्ही सातासमुद्रापलीकडच्या माणसांशी लॅपटॉपवर मोठ्या आवाजात भांडायचो. घरून काम चालायचं. मी सगळ्यांना जमवलं आणि म्हणालो, "घरूनच्या ऐवजी वावरातून करायचं. नेटवर्क डोंगराखाली खणखणीत आहे, मी बाभळीवरून तपासलंय."

एकवीस दिवस आम्ही पाळ्या लावल्या. रोज तिघं, बांधाच्या तीन कोपऱ्यांत, खाटेवर, लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन. आवाज माझा आधीपासूनच मोठा, त्यात समोरच्याला ऐकू येत नाही म्हटलं की मी डोंगरापलीकडे सासवडला ऐकू जाईल असा ओरडायचो. पहिल्या रात्री डुकरं आली, कुंपणापाशी थांबली आणि आमच्या एका मीटिंगचा पहिला तास ऐकून निघून गेली. त्यांना काय दोष द्यायचा, माणसंही तेच करत होती. आठवड्यानंतर ती डोंगरातूनच उतरेनात. मालक दिवसा यायचे, आम्ही झोपा काढायला घरी जायचो. मालकीणबाई आमच्यासाठी भाकऱ्या बांधून पाठवायच्या आणि निरोप द्यायच्या, "आज जरा चढ्या आवाजात भांडा, काल पूर्वेच्या कोपऱ्यात उंदीर दिसला."

शेंगा काढायच्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घेऊन आला. पीक उभं असल्याचं त्याला कळलं होतं, पण कागद गाडीतच होते, कारण तो वाट बघणारा माणूस होता. बांधावर उभा राहून त्याने वावर पाहिलं. नऊ तरुण इंजिनिअर चिखलात फतकल मारून वेल उपटत होते आणि मालकीणबाई त्यांना नावं ठेवत होत्या.

"आलं म्हणजे पीक," तो म्हणाला. "मानलं, आबा. शेवटी काय घेतलं मग? बावीस का बत्तीस?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे एक उत्तम थाप तयार होती, तीत सहा डुकरं होती. पण मालकांनी मला हाताने थांबवलं, आणि तोच हात मुलापुढे धरला. तळव्यावर चार-पाच शेंगा होत्या. त्या खुळखुळत होत्या. शेंग पिकली का ते हलवून बघतात, म्हणून मुलाला वाटलं आबा पिकल्याचं दाखवताहेत. तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की आबा हलवत नाहीत आणि खुळखुळ थांबत नाहीये.

त्याने आपला तळवा त्यांच्या हाताखाली धरला. "केव्हापासून?"

"परवाना माघारी केला," मालक म्हणाले. "हत्यार घेतलंच न्हाय."

"ते नाही विचारलं मी. आई, तुला माहीत होतं?"

"त्यांच्या सदऱ्याची बटनं कोण लावतं?" मालकीणबाई मान वर न करता म्हणाल्या.

आम्ही नऊ जण एकाच वेलाकडे बघत होतो. मुलगा म्हणाला, "उद्या नऊला डॉक्टरकडे जायचं. मी न्यायला येतो."

"उद्या न्हाय. उद्या शेंगा वाळत घालायच्यात."

"परवा."

"परवा चालंल."

मुलगा गाडीकडे गेला. मला वाटलं कागद आणतो की काय. त्याने दार उघडलं, बूट काढून आत टाकले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि परत येऊन आईच्या शेजारच्या ओळीत बसला. पहिल्याच वेलाला त्याने असा हिसका दिला की नुसता पालाच हातात आला.

"बुडाशी धर," मालक म्हणाले. "शेंड्याला वढलं की सगळं मातीत ऱ्हातं."